वहिनींचा आवाज

"आवाज जाईल," डॉक्टर म्हणाले, तेव्हा किंचाळे छताकडे बघत होते. ट्यूबलाइटचा उजेड वरून सरळ पडत होता आणि त्यामुळे डॉक्टरांच्या डोळ्यांखाली चांगले खड्डे दिसत होते. असा उजेड मिळवायला आपण काय काय उपद्व्याप करायचो, असं त्यांच्या मनात चाललं होतं. वाईट बातमी ऐकायची नसली की माणूस ओळखीचं काहीतरी शोधतो, आणि किंचाळ्यांच्या ओळखीचं म्हणजे उजेड, अंधार आणि मेलेली माणसं.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. वहिनींच्या घशातली गाठ स्वरयंत्राला धरून बसली होती. स्वरयंत्र काढलं की वहिनी जगतील, खातील-पितील, हिंडतील-फिरतील. फक्त बोलणार नाहीत. सोमवारी दाखल व्हायचं.

"आणि नाही काढलं तर?" वहिनींनी विचारलं. त्यांचा आवाज आधीच घोगरा झाला होता.

"तर आधी आवाज जाईल आणि मग तुम्ही."

"मग काढा की. त्यात विचारायचं काय?" वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या भुतांना सांगा, आता दुसरी बाई बघा म्हणावं."

डॉक्टरांना ह्यातलं काही कळलं नाही. तुम्हालाही कळायचं नाही, म्हणून किंचाळे कोण ते आधी सांगतो.

त्यांचं खरं आडनाव पोस्टमनला आणि सासरेबुवांना ठाऊक. बाकी जग त्यांना किंचाळे म्हणायचं, कारण त्यांच्या सिनेमात घटकाघटकाला कोणीतरी किंचाळायचं. 'तळघरातली सासू', 'मेलेल्यांची खानावळ', 'नखं', आणि लोकांनी मागणी केली म्हणून 'पुन्हा नखं'. पोस्टरवर टॉवेल गुंडाळलेली एक बाई असायची, जी सिनेमात कुठेच नसायची. सिनेमात एक भूत असायचं, ज्याचा कोट सगळ्या सिनेमांत तोच असायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. किंचाळे अंथरूणसुद्धा शेजाऱ्याकडून मागून आणायचे. बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात शूटिंग, बिटाच्या रसाचं रक्त, फाटक्या गादीतल्या काथ्याचे केस. कोंड्याचा मांडा करावा तर त्यांनीच. वर्तमानपत्रांनी त्यांच्या सिनेमाला कचरा म्हटलं तेव्हा त्यांनी पुढच्या पोस्टरवर ठळक छापलं, 'शहाण्यांनी नाक मुरडलेला थरारपट!' आणि तो धो धो चालला.

खोटं कशाला बोला, ते सिनेमे काही थोर नव्हते. एकात तर भूत दारातून जाताना चौकटीवर डोकं आपटतं आणि 'आई गं' म्हणतं, ते तसंच राहिलंय. पण दिवसभर राबून आलेली माणसं त्या अंधारात एकमेकांचे दंड धरून ओरडायची आणि बाहेर पडताना हसत पडायची, हेही तितकंच खरं. किंचाळे थिएटरच्या दारात उभे राहून ती हसरी तोंडं बघायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाला नमस्कार करायचे. ह्या माणसांनी आपल्याला दुसरी नोकरी करायला लावली नाही, ह्याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

फिल्म मात्र महाग. म्हणून सेटवर त्यांचा एक नियम होता, तालमीला यंत्र चालू करायचं नाही. नट तालमीत जीव ओतो नाहीतर धाय मोकलून रडो, कॅमेरा गप्प. तालीम मनासारखी झाली की एकच टेक. कॅमेरावाला डोकं धरून बसायचा, "अहो, आत्ताच तर काय सुंदर केलं त्याने!" किंचाळे म्हणायचे, "करील की पुन्हा. पळून चाललाय का?" नियम इतका मुरला, की पुढे फिल्म जाऊन दुसरी यंत्रं आली, तरी त्यांचा अंगठा तालमीत बटणाकडे वळायचा नाही.

आणि किंकाळ्या? त्या सगळ्या वहिनींच्या. पहिल्या सिनेमाच्या नायिकेला किंचाळताच येईना. कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखी ती चिरकायची. तेव्हा वहिनी नव्या नवरी होत्या. नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात आल्या आणि चुकून मेकअपच्या खोलीत शिरल्या. तिथे भूत गालावर एक डोळा लोंबकळत ठेवून चहा पीत बसलं होतं. भूत मोठं सभ्य. ते उठून उभं राहिलं आणि म्हणालं, "या वहिनी, बसा." वहिनींनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून दोन खोल्या पलीकडच्या साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून फेकले. त्या दिवसापासून नायिका ओठ उघडायची आणि आवाज वहिनींचा लागायचा. नायिकेचा, तिच्या बहिणीचा, मोलकरणीचा, आणि एकदा घसा बसलेल्या नायकाचासुद्धा. सासूबाईंना काय वाटेल म्हणून पडद्यावर नाव तेवढं कधी आलं नाही.

तर अशा बाईचा आवाज आता जाणार होता.

लेक धावत आली. ती पोटुशी होती, तरी गाडीचा लांबचा प्रवास करून आली. आईच्या गळ्यात पडून झालं, रडून झालं, आणि मग ती बापाकडे वळली.

"अप्पा, आईचा आवाज कुठे आहे?"

"म्हणजे?"

"रेकॉर्ड केलेला. आई बोलतेय असा. हे बाळ येईल, त्याला आजीचा आवाज ऐकवायला नको?"

किंचाळ्यांनी कपाट उघडलं. कपाटात वहिनी भरपूर होत्या. विहिरीतली किंकाळी, जिन्यावरची किंकाळी, लांबून येणारी, गळा दाबल्यावर अर्धी तुटणारी. ते एकेक डबा काढत गेले आणि त्यांचे हात सावकाश होत गेले.

"अप्पा, अख्खा जन्म आवाज टिपण्यात गेला तुमचा," लेक म्हणाली, "आणि आईचं एक साधं 'जेवायला या' तुमच्याकडे नाही?"

नव्हतं. लेकीकडेही नव्हतं. फोनवर वहिनी 'हं' आणि 'ठेवते' ह्याच्या पलीकडे जायच्या नाहीत. फोटोला उभ्या राहायच्या, पण कोणी व्हिडिओ घ्यायला लागलं की तोंडाला पदर लावून आत जायच्या.

लेकीने लगेच फोन काढला. "आई, बोल. आत्ता बोल."

"फोनवर?" किंचाळे एकदम उसळले. "फोनवर दूधवाल्याशी बोलतात. तुझ्या आईचा आवाज मी घेणार. नीट घेणार. मायक्रोफोन लावून, खोली बांधून. ह्या जन्मात एवढं एकच काम मला येतं."

"अप्पा, हट्ट नका करू."

"असू दे गं," वहिनी म्हणाल्या. "करू दे त्यांना त्यांच्या पद्धतीने. नाहीतर दिवसभर तोंड पाडून बसतील, आणि मला त्यांची समजूत काढत बसावं लागेल."

रविवारी दुपारी किंचाळ्यांनी झोपायची खोली बांधली. खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. जुनं रेकॉर्डिंग मशीन पुसून टेबलावर मांडलं. टेपची रिळं बहुतेक बुरशीने गेली होती, एकच चांगलं निघालं. लेक म्हणाली, मी बसते कोपऱ्यात. तर म्हणे सेटवर गर्दी नको. तिला आईसाठी गाऊन आणि चपला आणायला बाजारात पिटाळलं.

वहिनी पलंगाच्या कडेवर येऊन बसल्या. त्यांनी केस विंचरले होते. "अहो, आवाजच घेताय ना? मग मी केस कशाला विंचरले?"

किंचाळे हसले. मग म्हणाले, "आधी एक तालीम."

"काय बोलू?"

"तुला वाटेल ते. लेकीशी बोल. बाळाशी बोल."

वहिनी आधी अडखळल्या. पदराशी चाळा केला, दोनदा खाकरल्या. मग म्हणाल्या, "सोने, तू तान्ही होतीस ना, तेव्हा आपल्याकडे पाळणा नव्हता. शवपेटी होती. आत मऊ कापड लावलेली, चांगली ऐसपैस. तुला तीत घातलं की तू गाढ झोपायचीस. एकदा वीजवाला मीटर बघायला आला आणि त्याने तीत डोकावलं. तू जांभई दिलीस. तो बिचारा मीटर न बघताच पळाला."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. मेकअपवाल्याबद्दल बोलल्या, ज्याने आयुष्यभर मढी रंगवली आणि ह्याच लेकीच्या लग्नात तिचं तोंड रंगवताना 'माझ्या हाताला सवय नाही गं' म्हणून जो रडला. लाइटवाल्याबद्दल बोलल्या, जो शूटिंग थांबलं की कारखान्याच्या अंगणात लेकीला सायकल शिकवायचा. म्हणाल्या, "ह्या घराची एकेक वीट कोणीतरी कुठेतरी घाबरलं म्हणून बसली आहे. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. पण बाळाला सांग, त्यांचं भलं चिंत म्हणावं."

किंचाळे डोळे मिटून ऐकत होते. इतकी वर्षं ह्या बाईला आपण 'आता ओरड' एवढंच सांगितलं, बोल असं कधी म्हटलं नाही, असं त्यांना वाटलं. आवाज घोगरा होता, मधेच फाटत होता, आणि असा आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. देवाने ही दुपार दिली, त्याचे उपकार फिटायचे नाहीत, हेही वाटलं.

वहिनी बोलायच्या थांबल्या.

"वा!" किंचाळ्यांनी डोळे पुसले. "फर्स्ट क्लास. अगदी हेच, अस्संच. चल, आता टेक." आणि त्यांनी बटण दाबलं.

रीळ फिरायला लागलं. वहिनी आधी रिळाकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे. त्यांनी तोंड उघडलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी कुरकुरलं. त्या पाणी प्यायल्या. पुन्हा उघडलं. ह्या खेपेला तेवढंही नाही, नुसती हवा. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताण देऊ नका, आवाज कधीही बसेल.

किंचाळ्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. ते खाली जमिनीवरच बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॅमेरावाला जन्मभर डोकं धरून जे सांगत होता, ते आत्ता त्यांना ऐकू आलं. त्यांनी आपल्या थोबाडीत मारून घेतली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा वहिनींनी तो वरच्यावर धरला. बघतात तर वहिनी हसत होत्या. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दुसऱ्या हाताने त्या नवऱ्याच्या डोक्यावरून थोपटत होत्या.

लेक पिशव्या घेऊन आली. "झालं?"

"झालं," किंचाळे म्हणाले. त्याहून जास्त बोलायची त्यांची छाती झाली नाही. आईचा आवाज बसलेला बघून लेक म्हणाली, "किती बोलायला लावलंत तिला! पण जाऊ दे. मिळाला ना एकदाचा."

सोमवारी दाखल केलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली, वहिनी जगणार, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणि किंचाळे आभार मानत सुटले. डॉक्टरांचे मानले, नर्सचे मानले, लिफ्टवाल्याचे मानले, फरशी पुसणाऱ्या मावशींचे मानले. तिथे दुसऱ्याच पेशंटला बघायला आलेला एक माणूस उभा होता, त्याचेही मानले. तो "असू दे, असू दे" म्हणाला. लोकांची पाचावर धारण बसवणारा हा माणूस बाकड्यावर बसून हमसून हमसून रडला, आणि ते सगळं आनंदाचं होतं. रिळाचं मात्र त्यांनी लेकीला अजून काही सांगितलं नव्हतं.

वहिनी घरी आल्या. गळ्यावर पट्टी, तिच्याखाली श्वासाचं भोक. अंगात जरा ताकद आली, तशी एका सकाळी लेक टेबलापाशी येऊन बसली.

"अप्पा, आता लावा. आज ऐकू या."

किंचाळे मशीनकडे गेले. परत आले. उभे राहिले. आणि सगळं सांगून टाकलं.

लेकीला आधी खरंच वाटेना. "तालीम?" ती म्हणाली. "अप्पा, तालीम? आई आयुष्यात एकदा बोलली, आणि तुम्ही बटण दाबलं नाहीत? कोणाची फिल्म वाचवत होतात?"

"चुकलं गं."

"फोनवर घेत होते मी! समोर धरला होता!" तिने फोन उचलून त्यांच्यासमोर धरला. "आता ह्याला काय ऐकवू मी?" पोटावर हात ठेवून ती रडायला लागली. किंचाळे तिथेच मान खाली घालून उभे राहिले. सुनावलं असतं तर बरं झालं असतं, पण लेक नुसती रडत होती.

तेवढ्यात टण्ण झालं. वहिनींनी हातातला चमचा पाण्याच्या पेल्यावर वाजवला होता. दोघांनी वळून बघितलं.

वहिनींनी आधी किंचाळ्यांकडे बोट केलं, मग खुर्चीकडे. ते बसले. मग लेकीकडे, तिच्या फोनकडे, आणि पुन्हा किंचाळ्यांकडे.

"काय? मी?" किंचाळे म्हणाले. "मी बोलू? तू बोललेलं?"

वहिनींनी मान हलवली. उठून पडदा सारखा केला, बाहेर कोणी ठोकाठोकी करत होतं म्हणून खिडकी लावली, आणि परत येऊन चमचा हातात घेऊन बसल्या.

आता एक गोष्ट खरी, की किंचाळ्यांच्या युनिटात संवाद धरून बसणारा वेगळा माणूस कधी नव्हता. नट अडला की किंचाळेच मागून शब्द द्यायचे. एकदा कानावर पडलेलं बोलणं त्यांच्या डोक्यातून जात नसे. त्यांनी घसा साफ केला. "सोने, तू लहान होतीस ना..."

टण्ण.

"तान्ही. तान्ही होतीस ना, तेव्हा आपल्याकडे पाळणा नव्हता. शवपेटी होती." ते जरा थांबले. वहिनींनी बोटांनी पुढे, पुढे असं केलं. वीजवाला आला, जांभई आली. लेकीच्या तोंडावर रडता रडता हसू फुटलं. किंचाळे लगेच पुढच्या वाक्याकडे निघाले, तर टण्ण. 'बिचारा' राहिला होता. तो बिचारा मीटर न बघताच पळाला.

असं करत करत मेकअपवाला झाला, लाइटवाला झाला. कुठे किंचाळे घाई करायचे, कुठे आपल्या पदरचा शब्द घालायचे, की चमचा वाजायचा. नटांना छळणारा माणूस चांगला कचाट्यात सापडला होता. पण हळूहळू चमचा कमी वाजायला लागला. विटा आल्या, न बघितलेल्या माणसांचं भलं चिंतून झालं.

"झालं," किंचाळे म्हणाले. "एवढंच."

टण्ण.

"अगं, झालं की."

टण्ण. टण्ण.

"अप्पा, काय राहिलंय?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. ते आपलं असंच. ते बाळाला कशाला?"

वहिनींनी चमचा खाली ठेवला. त्यांनी आपली खुर्ची ओढून किंचाळ्यांच्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या. किंचाळ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सुटका नव्हती.

"मग ती म्हणाली, की घरात तिला माझी..."

वहिनींनी मान जोरात हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ती नाही. मी.

किंचाळ्यांनी डोळे मिटले. मग बोलायला लागले.

"माझे वडील संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा जिन्यात त्यांचे बूट वाजायचे. ते वाजले की आई हातातलं काम टाकून उभी राहायची आणि आम्ही भावंडं पलंगाखाली जायचो. रोज. पुढे वडील गेले, आई म्हातारी झाली, तरी शेजारचा कोणी बूट घालून जिना चढला की तिचे हात कापायचे. सोने, तुझ्या अप्पांनी सगळ्या लोकांना घाबरवलं. पण ह्या घरात त्यांची पावलं वाजली आणि माझ्या पोटात गोळा आला, असं एकदाही झालं नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटेल, ह्यात सांगण्यासारखं काय? त्यांना ठाऊकच नाही. त्यांचे आभार मानायचे राहिलेत, ते..."

पुढचं त्यांना बोलता येईना. वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला आणि वाट बघितली. किंचाळ्यांनी नाक पुसलं, श्वास घेतला.

"...ते आज मानते."

चमचा वाजला नाही. लेक फोन बंद करायची विसरली होती. ती उठून आईच्या मागे गेली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

किंचाळे वहिनींकडे बघत राहिले. आपल्या हातून काही थोर झालं आहे असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं, आणि आत्ताही त्यांचा पटकन विश्वास बसेना.

"खरंच," त्यांनी विचारलं, "एकदाही नाही?"

वहिनींनी मान हलवली. एकदाही नाही.